दोन लाइनी, एक खांब: इचलकरंजीतल्या एका सीए ऑफिसच्या बॅकअप इंटरनेटचं प्रकरण

पार्श्वभूमी

इचलकरंजीच्या बाजारपेठेपासून दोन गल्ल्या आत, पहिल्या मजल्यावर हे ऑफिस आहे. नऊ माणसं, पाच डेस्कटॉप, तीन लॅपटॉप, टॅलीचा एक सर्व्हर, दोन प्रिंटर, चार कॅमेरे. क्लायंट बहुतेक सूत व्यापारी, यंत्रमागवाले आणि सायझिंगवाले. जीएसटीची कामं सुमारे १४० जणांची. मी तिथलं नेटवर्क सांभाळतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, बाकी जसं घडलं तसं लिहिलं आहे.

ऑफिसला एकच फायबर लाइन होती, महिना ९०० रुपयांची. वर्षातून चार-पाच वेळा ती तास-दोन तास जायची. तेवढ्यात चहा व्हायचा, फाइली लावून व्हायच्या. बॅकअप लाइनचा विषय मी दोनदा काढला होता आणि सरांनी दोन्ही वेळा "बघू पुढच्या वर्षी" म्हटलं होतं. त्यांचंही चुकत नव्हतं, कारण नेट जाण्याची किंमत कुणी कागदावर मांडलेलीच नव्हती.

ती मांडायची तर जीएसटीआर-१ चं गणित बघावं लागतं. विक्रीची बिलं पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत चढवायची असतात. ११ च्या रात्री बारापर्यंत चढलेलं बिल १४ तारखेला खरेदीदाराच्या २बी मध्ये, म्हणजे त्याला खरेदीवरच्या कराचं किती क्रेडिट मिळणार ते दाखवणाऱ्या यादीत, दिसतं. तेच बिल १२ ला चढलं, तर ते त्याच्या पुढच्या महिन्याच्या २बी मध्ये जातं. म्हणजे व्यापाऱ्याने १८ लाखांचं कापसाचं सूत विकलं असेल, तर ५ टक्क्यांप्रमाणे ९०,००० रुपयांचं क्रेडिट समोरच्याला महिनाभर उशिरा मिळतं. मग तो पैसे अडकवून धरतो आणि व्यापाऱ्याचा फोन सीएला येतो. लेट फी दिवसाला ५० रुपये. ती भरून मोकळं होता येतं. अडकलेलं क्रेडिट तसं सोडवता येत नाही.

समस्या: ११ तारीख, सकाळी ११:४०

त्या दिवशी साधारण पावणेबाराला सगळ्यांची पानं उघडायची थांबली. शेवटचा दिवस, साइटवर गर्दी असणार, असं धरून सगळे रिफ्रेश मारत बसले. अर्धा तास असाच गेला. ऑफिसातले मामा चहा घेऊन वर आले आणि म्हणाले, "कोपऱ्यावर जेसीबी लागलाय. काळी वायर वर आलीया." तेव्हा कुणीतरी फायबरच्या डब्याकडे बघितलं. 'लॉस'चा लाल दिवा लुकलुकत होता.

त्या लाल दिव्याचा अर्थ सरळ आहे: कंपनीकडून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाही. डबा बंद-चालू करून तो जात नाही, फायबरची तुटलेली काचेची तार जोडावीच लागते. हे एवढं ऑफिसात एकाला जरी माहीत असतं, तरी तो अर्धा तास वाचला असता.

सरांचा फोन आला, "अहो, नेट गेलंय, आणि आज अकरा तारीख आहे." मी पोचलो तेव्हा मोबाइलचे हॉटस्पॉट चालू झाले होते, आणि खरी पंचाईत तिथूनच सुरू झाली. लॅपटॉप मोबाइलच्या वायफायला जोडला की ऑफिसच्या वायफायवरून सुटतो. टॅलीचा डेटा सर्व्हरवर, प्रिंटर ऑफिसच्या नेटवर्कवर, आणि लॅपटॉप दोन्हीच्या बाहेर. डेस्कटॉपला यूएसबीने मोबाइल लावला, तर विंडोज अजून मेलेल्या राउटरकडेच रस्ता शोधत होतं. लॅनची, म्हणजे ऑफिसच्या आतल्या नेटवर्कची, वायर काढली की नेट यायचं आणि टॅली जायची. शेवटी मॅडम सर्व्हरवरून फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन टेबलाटेबलावर फिरत होत्या. ज्यांना डिजिटल सिग्नेचर लागते त्या कंपन्यांचे टोकन (सही साठवलेले यूएसबी) एकाच डेस्कटॉपवर चालत होते, तिथे रांग लागली.

दुपारी बाराला ३१ रिटर्न बाकी होती. लाइन रात्री सव्वाआठला आली. बारापर्यंत २७ गेली, चार राहिली. त्या चारांत दोन मोठे सूत व्यापारी होते.

पर्याय

दुसऱ्या दिवशी आम्ही बसलो. हॉटस्पॉटवर भागवणं पहिल्यांदा बाद झालं. पैशाचा त्यात मुद्दा नव्हता. बॅकअप कॉम्प्युटरला जोडून चालत नाही, तो राउटरला जोडावा लागतो, म्हणजे आतलं नेटवर्क जागेवर राहतं आणि फक्त बाहेरचा रस्ता बदलतो. पेन ड्राइव्ह घेऊन फिरणाऱ्या मॅडमना हे समजावून सांगावं लागलं नाही.

लीज्ड लाइनची चौकशी केली. तिच्यात बिघाड किती तासांत काढायचा याचा लेखी करार असतो आणि वेग वाटून घेतलेला नसतो, पण खर्च साध्या फायबरच्या कित्येक पट. आणि शेवटच्या टप्प्यात तीही त्याच गल्लीतून, वायरीनेच येणार होती.

सिमचा राउटर स्वस्त होता. मी त्यावर फार भर दिला नाही. ऑफिसात मोबाइलला रेंज जेमतेम असते आणि आठ कॉम्प्युटर त्यावर ओढणार नाहीत, असा माझा समज होता. मी मोजून बघितलं नव्हतं.

उरली दुसऱ्या कंपनीची फायबर, महिना ६०० रुपये. कंपनी वेगळी, वेग भरपूर, वापराला मर्यादा नाही. सोबत दोन लाइनी घेणारा ड्युअल-वॅन राउटर, साधारण सहा हजारांचा. सरांनी विचारलं, "ही घेतली की विषय संपला ना?" मी हो म्हणालो.

पहिला निर्णय आणि त्यातल्या दोन चुका

लाइन आली, राउटर बसला. दोन्ही लाइनी एकदम वापरायच्या की एक चालू आणि एक राखीव, हा प्रश्न होता. एकदम वापरल्या तर वेग वाढतो, पण बँकेच्या साइटला एकच माणूस क्षणात या इंटरनेट पत्त्यावरून (आयपी) आणि क्षणात त्या पत्त्यावरून आलेला दिसतो आणि ती लॉगआउट करते. म्हणून एक मुख्य, एक राखीव असं ठेवलं. तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

मी मुख्य लाइनची वायर उपसून दाखवली, काही सेकंदांत दुसरी लागली, सगळे खूश झाले. पण माझी चाचणी खऱ्या बिघाडासारखी नव्हती.

पाच आठवड्यांनी नेट गेलं आणि राउटर जागचा हलला नाही. डबा चालू, डबा ते राउटर वायर चालू, पत्ता मिळालेला. बिघाड कंपनीच्या आत कुठेतरी पुढे. राउटरच्या लेखी मुख्य लाइन ठणठणीत होती, कारण तो फक्त वायरीत जीव आहे का एवढंच बघत होता. मी फोनवरून मॅडमना "वरची निळी वायर काढा" सांगितलं आणि काम चालू झालं. म्हणजे आपोआप बदलायच्या यंत्राला माणसाने हात लावावा लागला.

त्यावरचा इलाज सेटिंगमध्ये होता. राउटरने दर पाच सेकंदांनी बाहेरच्या दोन पत्त्यांना, १.१.१.१ आणि ८.८.८.८ ला, पिंग करायचं, म्हणजे "आहेस का?" असं विचारायचं. दोन्हीकडून सलग तीनदा उत्तर आलं नाही तरच लाइन मेली समजायची. पत्ते दोन अशासाठी, की एखादी सेवा क्षणभर अडखळली म्हणून आपण उगाच उडी मारू नये. आणि मुख्य लाइन परत आली तरी लगेच तिच्यावर जायचं नाही, पाच मिनिटं ती टिकली तरच जायचं. नाहीतर फायबर जोडताना लाइन चार-सहा वेळा येते-जाते, आणि प्रत्येक वेळी बाहेरचा पत्ता बदलून चालू कामं तुटतात.

दुसरी चूक मोठी होती आणि ती सेटिंगने सुटणारी नव्हती. पुढच्या महिन्याच्या ९ तारखेला रात्री सायझिंगचे बीम (सूत गुंडाळलेले मोठे रूळ) भरलेला टेम्पो गल्लीत मागे घेताना खांबाला घासला. वर लोंबणाऱ्या वायरींचा जुडगा बीमला अडकून तुटला. सकाळी दोन्ही डब्यांवर लाल दिवा.

मी खाली उभा राहून दोन्ही कंपन्यांना फोन लावत होतो. मामा शेजारी येऊन वर बघत म्हणाले, "साहेब, दोन्ही वायरी ह्याच खांबावरनं येत्यात की. मग दोन कशाला घेतल्या?"

या प्रकरणात सगळ्यात नेमका प्रश्न त्यांनी विचारला, आणि तो दुसरी लाइन घेण्याआधी मी विचारायला हवा होता.

वायरीच्या मागोमाग

मी आणि मामा ऑफिसच्या खिडकीपासून चालत निघालो. खिडकीतून दोन काळ्या वायरी समोरच्या खांबावर. तिथे दोन कंपन्यांचे दोन जॉइंट बॉक्स, एकाखाली एक, एकाच पट्टीने बांधलेले. तिथून कोपऱ्यापर्यंत पाच खांब, दोन्ही वायरी प्रत्येक खांबावर एकत्र. कोपऱ्यावर दोन्ही जमिनीत उतरतात, जेसीबीने खणलं होतं त्याच पट्ट्यात. चौकात पोचल्यावर एक डावीकडे जाते, एक सरळ. म्हणजे ऑफिसपासून चौकापर्यंतचे साधारण साडेतीनशे मीटर आमच्या दोन लाइनी ही एकच लाइन होती, आणि आजवरचे दोन्ही मोठे बिघाड त्याच पट्ट्यात झाले होते. मी प्रत्येक खांबाचा फोटो काढला. सगळ्याला वीस मिनिटं लागली.

खोदणाऱ्यांनी आधी कळवावं म्हणून केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केलं. खोदणारा आणि जमिनीखालच्या वायरी-नळांचे मालक यांची आधी गाठ पडावी हा त्याचा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण त्यावर कळवायचं काम खोदणाऱ्याचं असतं, आणि खांबावर लोंबणाऱ्या वायरीला त्याचा काही उपयोग नाही.

दुसरा निर्णय: हवेतला रस्ता

आता वायर नको हे ठरलं. छतावर अँटेना लावून रेडिओ लिंक घ्यायची तर समोरची नवीन चार मजली इमारत आड येत होती. राहिलं सिम.

या वेळी मोजलं. तीन कंपन्यांची सिम घेतली आणि सकाळी ११, दुपारी ४ आणि संध्याकाळी ७ अशा तीन वेळा, ऑफिसच्या चार जागी सिग्नल आणि वेग लिहून काढला. सिग्नलचा आकडा, ज्याला आरएसआरपी म्हणतात, उणेमध्ये असतो. -८० च्या आसपास उत्तम, -११० च्या खाली गेलं की रडतखडत. मधल्या खोलीत, जिथे राउटर होता, तिथे सगळ्यांचे आकडे वाईट. मागच्या खिडकीत मात्र एका कंपनीचा -८८ आणि संध्याकाळच्या गर्दीतही १८ ते २५ एमबीपीएस. आठ जणांना रिटर्न भरायला ते पुष्कळ आहे. "रेंज जेमतेम असते" हा माझा समज मधल्या खोलीपुरता खरा होता. दोन महिन्यांपूर्वी अर्धा दिवस देऊन हे मोजलं असतं, तर दुसरी फायबर घेतलीच नसती.

सिम मुख्य फायबरच्या कंपनीचं घ्यायचं नाही हे मी आग्रहाने सांगितलं. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्स कंपनीचं जाळं देशभर बसलं. ज्यांचा मोबाइल आणि घरचं नेट दोन्ही त्याच कंपनीचं होतं त्यांना दुसरी वाट उरली नाही, आणि इंटरॅकची डेबिट कार्डंही दुकानांत चालेनाशी झाली. वायर आणि हवा असे दोन मार्ग असले तरी आत एकच कंपनी असली की ती दोघांना एकदम घेऊन बुडू शकते.

साडेतीन हजारांच्या आसपासचा फोर-जी राउटर मागच्या खिडकीत लावला आणि तिथून मधल्या खोलीपर्यंत लॅनची वायर ओढली. डबा सिग्नल असेल तिथे ठेवायचा आणि वायर लांब न्यायची. आपल्याकडे बरेचदा याच्या उलट करतात. दुसरी फायबर बंद केली.

बारीकसारीक, पण अडवणाऱ्या गोष्टी

डेटा. राउटरच्या नोंदीत बघितलं, तर ऑफिसचा दिवसाचा वापर १४ जीबीच्या आसपास. त्यातला निम्म्याहून जास्त कॅमेऱ्यांचं क्लाउडवर जाणं, ड्राइव्हचा बॅकअप आणि विंडोजचे अपडेट. रिटर्न, बँक, ईमेल यांचा वाटा अगदी किरकोळ. म्हणून राखीव लाइन चालू असताना कॅमेरे आणि बॅकअप बंद, असा नियम राउटरवर लावला.

घरून काम करणारे. दोन जण घरून सर्व्हरवर यायचे, मुख्य लाइनच्या ठरावीक पत्त्यावर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून. मोबाइल कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे पुष्कळ ग्राहक बसवतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. डब्याला १० ने सुरू होणारा किंवा १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता मिळाला असेल, तर बाहेरून आत येता येत नाही हे समजावं. म्हणून उलटं केलं: भाड्याच्या एका लहान क्लाउड सर्व्हरकडे ऑफिसनेच आतून वायरगार्डचा (सुरक्षित खासगी जोडणीचं सॉफ्टवेअर) बोगदा खणायचा आणि घरच्यांनी तिथून यायचं. लाइन बदलली तरी अर्ध्या मिनिटात बोगदा पुन्हा जुळतो. रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट उघडं ठेवणं तसंही धोक्याचं होतं. ते मी फार पूर्वीच बंद करायला हवं होतं.

वीज. सगळं जोडून झाल्यावर मी मेन स्विच पाडला. फायबरचा डबा आणि राउटर इन्व्हर्टरवर चालू राहिले, खिडकीतला फोर-जी राउटर विझला. त्या खिडकीजवळचा प्लग इन्व्हर्टरवर नव्हताच. शिवाय कॉम्प्युटर चालू राहिले की इन्व्हर्टर दीड तासात बसतो. तिन्ही डब्यांना मिळून ३०-३५ वॅट लागतात, तेवढ्यासाठी १२ व्होल्टचे वेगळे मिनी यूपीएस बसवले. आता कॉम्प्युटर बंद पडले तरी लॅपटॉपवर काम चालतं.

रिचार्ज. यात आम्ही पुन्हा एकदा पडलो, सुदैवाने तालमीच्या, म्हणजे दर महिन्याच्या चाचणीच्या, दिवशी. सिमचा पॅक २८ दिवसांचा. मॅडमनी आठवण लावली होती महिन्याच्या १ तारखेची. २८ दिवसांचा पॅक वर्षात १३ वेळा भरावा लागतो, १२ वेळा नाही. पहिले दोन महिने निभावले, तिसऱ्या तालमीला राखीव लाइन लागली पण पान उघडेना: पॅक तीन दिवसांपूर्वी संपलेला. राउटरची पिंगची तपासणी मी फक्त मुख्य लाइनवर लावली होती. आता ती दोन्हीवर आहे, राखीव लाइन मेली तर मला आणि मॅडमना ईमेल येतो, आणि पॅक वर्षाचा घेतला आहे.

तालीम

दर महिन्याच्या ५ तारखेला सकाळी साडेनऊला, माणसं यायच्या आधी, मामा मुख्य लाइनची वायर काढतात. भिंतीवरच्या कागदावर चार ओळी आहेत: कोणती वायर, किती वेळ थांबायचं, कोणतं पान उघडून बघायचं, सही. ५ तारीख अशासाठी, की काही बिघडलेलं निघालं तर ११ च्या आत हातात दिवस राहतात. पण वायर काढणं ही सोपी परीक्षा. म्हणून तीन महिन्यांतून एकदा मी स्वतः जाऊन डब्याच्या मागचं फायबरचं हिरवं टोक काढतो, टोपण लावतो आणि वायरीत जीव असताना नेट मेलेलं राउटरला ओळखता येतं का ते बघतो. हे टोक मामांना काढायला सांगत नाही. त्याच्या काचेवर धूळ बसली तर आपणच नवीन बिघाड केला असं होतं.

निष्पत्ती

त्यानंतरच्या नऊ महिन्यांत मुख्य लाइन ११ वेळा गेली, सगळ्यात जास्त वेळ पाच तास. दोनदा ती ११ तारखेच्या आसपास गेली. बहुतेक वेळा ऑफिसात कुणाला कळलंही नाही, मला ईमेलवरून कळलं. बदल होताना १५-२० सेकंद जातात आणि चालू व्हिडिओ कॉल किंवा बँकेचं सत्र तुटतं, पुन्हा लॉगिन करावं लागतं. हे सगळ्यांना आधी सांगून ठेवलं आहे, त्यामुळे तक्रार येत नाही. ११ च्या पुढे नेटमुळे एकही रिटर्न गेलेलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पैसे खर्च करण्याआधी वायरीच्या मागोमाग चालायला हवं होतं. वीस मिनिटांचं काम होतं आणि त्याला फोनच्या कॅमेऱ्याशिवाय काही लागत नव्हतं. कंपनी वेगळी म्हणजे मार्ग वेगळा असं मी धरून चाललो. छोट्या गावात खांब तेच असतात आणि बरेचदा वायर ओढणारा माणूसही तोच असतो, हे मला माहीत असूनही.

सरांना "विषय संपला" असं मी सांगायला नको होतं. कोणता बिघाड यातून झाकला जातो आणि कोणता नाही, हे लिहून द्यायला हवं होतं. आता दिलं आहे, एक पान. त्यात शेवटी पुराचाही उल्लेख आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराने या भागाचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं आहे. तसं झालं तर खिडकीतला फोर-जी राउटर कामाचा नाही. त्या वेळी सर्व्हरची ताजी प्रत आणि डिजिटल सिग्नेचरचे टोकन घेऊन दुसऱ्या गावी बसायची सोय हीच योजना, आणि ती प्रत रोज रात्री बाहेर जाते.

एक काम अजून बाकी आहे. सरांचा स्वतःचा मोबाइल नंबर राखीव सिमच्याच कंपनीचा आहे. फायबर तुटलेली आणि त्या कंपनीचं जाळं बसलेलं असं एकाच दिवशी झालं, तर त्या नंबरवर ओटीपी येणार नाही. जीएसटीचा ओटीपी ईमेललाही येतो, पण ईमेल उघडायलाही नेट लागतंच. बँकेचा तर फक्त मोबाइलवर. नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करायचं ठरलं आहे. पोर्ट होताना काही तास नंबर बंद राहतो, म्हणून मॅडमनी २२ तारखेनंतरचा एक शनिवार त्यासाठी कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे.